ज्योतिषाचें पहिलें पुस्तक

मराठी ग्रंथव्यवहारांत कांहीं पुस्तकें अशीं आहेत कीं, त्यांच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघतात, घरोघरीं फळीवर तीं दिसतात, हातोहात फिरून त्यांचीं पानें सुटतात. परंतु टीकाकार त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. पाकशास्त्र, पत्रलेखन आणि फलज्योतिष या विषयांवरील प्रवेशिका या वर्गांत मोडतात. यांपैकीं पहिल्या दोहोंची परीक्षा वाचक स्वतःच करतो. आमटी बिघडली तर पुस्तकाचा दोष त्याच दिवशीं जेवतांना कळतो. ज्योतिषाच्या पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. त्यांतील चूक कळण्यास कधीं कधीं आयुष्य पुरत नाहीं, आणि ज्याच्या पदरीं ती चूक पडते तो पुष्कळदां पुस्तक वाचणारा नसतोच. ती त्याची बहीण असते, होऊं घातलेली सून असते, किंवा शेजाऱ्याचा मुलगा असतो. म्हणून या पुस्तकांना वाङ्मयाच्या चावडीवर एकदां तरी बोलावून घेणें अवश्य आहे.

“ज्योतिष शिकावयाचें आहे, पहिलें पुस्तक कोणतें घेऊं?” असा प्रश्न विचारणाऱ्यास मिळणारीं उत्तरें बहुधा दोन प्रकारचीं असतात. एक वर्ग म्हणतो, सर्वांत सोपें असेल तें घ्यावें. दुसरा म्हणतो, सर्वांत जुनें असेल तें घ्यावें. सोपेपणा आणि जुनेपणा हे दोन्ही गुणच आहेत. परंतु पहिल्या पुस्तकाच्या अंगीं याहून निराळा एक गुण असावा लागतो, आणि तो असा कीं, शिकणाऱ्यानें कोणत्या ठिकाणीं थांबून शंका घ्यावी, हें त्या पुस्तकानें स्वतःच दाखवून द्यावें. ज्या विद्येच्या सत्यतेविषयींच वाद आहे, तिच्या पहिल्या पुस्तकास तर हा गुण अपरिहार्य आहे. ग्रहांच्या फलांवर आमचा स्वतःचा विश्वास नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. पण तेवढ्यावरून हीं पुस्तकें कोणीं वाचूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. साडेसाती, कपिलाषष्ठीचा योग, ग्रह फिरणें, पत्रिका जुळणें हे शब्दप्रयोग वगळले तर आपलें रोजचें बोलणें अडेल. जी भाषा आपण बोलतों तिच्यांत इतकी मुरलेली विद्या समजून घ्यावी, ही इच्छा निंद्य नव्हे.

या इच्छेची परंपराहि मराठींत जुनी आहे. अकराव्या शतकांतील ज्योतिषी श्रीपति भट्ट याच्या ज्योतिषरत्नमाला या मुहूर्तग्रंथावर एक मराठी टीका आहे, ती मु. ग. पानसे यांनीं संपादून १९५७ सालीं प्रसिद्ध केली. ही टीका खुद्द श्रीपतीचीच असें मानणारे विद्वान् तिला मराठी गद्याच्या अगदीं आरंभीं बसवितात; इतरांना हें मान्य नाहीं. हा मतभेद कसाहि मिटो, संस्कृत न जाणणाऱ्यास ज्योतिष समजावून देण्याची खटपट मराठी गद्यानें फार लवकर आरंभिली, एवढें खास. तेव्हां आजच्या प्रवेशिकाकारांना आपण कांहीं हलकें काम करीत आहों असें वाटण्याचें कारण नाहीं. मात्र कामाला शोभेल अशी जबाबदारी त्यांनीं पत्करली पाहिजे.

या पुस्तकांत जीं विधानें येतात तीं तीन जातींचीं असतात. “अमक्या दिवशीं सूर्योदयीं चंद्र रोहिणी नक्षत्रांत होता,” हें गणिताचें विधान होय. तें खरें कीं खोटें हें आकाशाकडे पाहून किंवा कोष्टकांवरून ठरवितां येतें. “मेष आणि वृश्चिक हीं मंगळाचीं घरें,” हा संकेत होय. बुद्धिबळांत घोडा अडीच घरें चालतो. त्याला पुरावा मागण्यांत जसा अर्थ नाहीं, तसाच या संकेतालाहि नाहीं. “म्हणून हा मनुष्य रागीट निघेल,” हें फलाचें विधान होय. आणि याला मात्र पुरावा मागितलाच पाहिजे. वाईट प्रवेशिकेची पहिली खूण ही कीं, तीत हीं तिन्ही विधानें एकाच सुरांत, एकाच क्रियापदानें सांगितलेलीं असतात. चंद्र रोहिणींत असतो, मेष मंगळाची असते, मनुष्य रागीट असतो! अशा सरमिसळीनें गणिताचा खरेपणा वाचकाच्या नकळत भाकिताला जाऊन चिकटतो. ग्रहण पंचांगांत दिलेल्या वेळीं लागलें, म्हणून त्याच पंचांगांतील वर्षफलहि खरें मानावें, असें समजणारीं माणसें याच शिकवणीनें तयार होतात.

बरें, गणिताचा भाग तरी निर्विवाद आहे काय? ५ एप्रिलला जन्मलेला एखादा तरुण पाश्चात्त्य पद्धतीचें पुस्तक उघडतो, तेव्हां त्याचा रवि मेषेच्या सुमारें पंधराव्या अंशावर असतो. आपल्याकडील पंचांग उघडतो, तेव्हां तोच रवि मीनेंत असतो. याचें कारण असें कीं, वसंतसंपात नक्षत्रांच्या मानानें दरसाल सुमारें ५० विकला, म्हणजे सुमारें ७२ वर्षांत एक अंश, मागें सरकतो. राशींची गणना संपातापासून करणारे ते सायनवादी, आणि तारकांशीं बांधलेल्या बिंदूपासून करणारे ते निरयणवादी. पण तो निरयण बिंदु तरी कोठें मानावा? व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनीं चित्रापक्षाचा पुरस्कार केला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीनें १९५५ सालच्या अहवालांत तोच धरला. त्या पक्षानें आज अयनांश सुमारें २४ आहेत. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष याहून सुमारें चार अंश कमी धरणारा आहे. बंगळूरचे बी. व्ही. रामन (१९१२–१९९८) यांनीं इ. स. ३९७ हें शून्य अयनांशाचें वर्ष मानलें. त्यामुळें त्यांचें मान चित्रापक्षाहून सुमारें दीड अंशानें कमी येतें.

हें सारें अंकगणित नवशिक्याच्या गळीं कशाला उतरवावयाचें, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर अंकगणितांतच आहे. नवमांश हा ३ अंश २० कलांचा असतो. दोन पंचांगांत चार अंशांचा फरक असेल तर प्रत्येक ग्रहाचा नवमांश बदलतो. एकहि ग्रह सुटत नाहीं. विंशोत्तरी दशेंत १३ अंश २० कलांच्या एका नक्षत्रावर शुक्राचीं वीस वर्षें वांटलेलीं असतात. तेथें चार अंश म्हणजे सहा वर्षें. एका पंचांगानें विवाहाचा म्हणून सांगितलेला काळ दुसऱ्या पंचांगानें सहा वर्षें इकडचा तिकडे होतो. ज्या पुस्तकांत ‘अयनांश’ हा शब्द नाहीं, किंवा आहे पण लेखक कोणता पक्ष धरतो आणि दुसरे पक्ष कोणते हें सांगितलेलें नाहीं, तें पुस्तक कितीहि सोपें असो, पहिलें म्हणून घेण्याच्या योग्यतेचें नाहीं. वाट सोपी वाटावी म्हणून वाटेंतील फाटेच न दाखविणारा वाटाड्या कोणाच्या उपयोगाचा?

दुसरी कसोटी याहून मौजेची आहे, आणि ती पुस्तकविक्रेत्याच्या दुकानांत उभ्या उभ्या लावतां येते. या विषयांतील लेखक वराहमिहिराचें नांव आदरानें घेतात, आणि तें योग्यच आहे. हा अवंतीचा पंडित सहाव्या शतकांतला; त्याच्या पंचसिद्धान्तिकेंत गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ पासून धरलेला आहे. जातकावर त्यानें बृहज्जातक लिहिलें आणि त्याच विषयाचा संक्षेप करून लघुजातक लिहिलें. अकराव्या शतकांत अल्-बीरूनीनें अरबी भाषेंत उतरविण्यासाठीं हाच लहान ग्रंथ निवडला.

बृहज्जातकाच्या नाभसयोगांच्या अध्यायांत वज्र नांवाचा एक योग आहे. लग्नीं व सप्तमांत शुभग्रह, आणि चतुर्थांत व दशमांत पापग्रह असले म्हणजे तो होतो. शुभग्रहांत बुध व शुक्र येतात. पापग्रहांत रवि येतो. तेव्हां हा योग पुरा जुळावयाचा तर बुध-शुक्र रवीपासून चौथ्या घरीं पडले पाहिजेत. आतां बुध सूर्यापासून सुमारें २८ अंशांच्या व शुक्र सुमारें ४७ अंशांच्या पलीकडे कधींच जात नाहीं. चौथी राशि त्यांच्या आवांक्यांतच नाहीं. ही शंका आजच्या एखाद्या नास्तिकाची असेल असें वाचकांस वाटेल. पण ती खुद्द वराहमिहिराचीच आहे! हे योग आपण केवळ पूर्वशास्त्राच्या आधारें दिले, असें नमूद करून या अशक्यतेकडे तो स्वतःच बोट दाखवितो. परंपरेनें आलेलें गाळावयाचें नाहीं, आणि आकाशांत जें घडत नाहीं तें घडतें असेंहि म्हणावयाचें नाहीं, ही त्याची वृत्ति. आयुर्दायाच्या अध्यायांतहि तो मय, यवन, मणित्थ, जीवशर्मा, सत्य अशा पूर्वाचार्यांचीं भिन्न मतें नांवानिशीं सांगतो आणि मग सत्याचार्यांच्या मतास आपला कौल देतो. मनुष्याचें आयुष्य किती, या प्रश्नावर आचार्यांचें एकमत नाहीं, ही गोष्ट तो विद्यार्थ्यापासून लपवीत नाहीं.

म्हणून नव्या पुस्तकांत योगांचें प्रकरण काढावें आणि वज्रयोग शोधावा. योगासोबत ही शंकाहि दिली असेल तर लेखकानें मूळ ग्रंथ विचारपूर्वक वाचला आहे असें समजावें. नुसता योग आणि त्याचें फल छापलें असेल, तर त्यानें वराहमिहिर उतरून घेतला, वाचला नाहीं.

तिसरी कसोटी शब्दांची. होरा, केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हे जातकाचे अगदीं पहिल्या पाठांत येणारे शब्द ग्रीक आहेत. ताजिकांतील इत्थशाल, मुंथा, सहम हे अरबी-फारसीच्या वाटेनें आलेले आहेत. होरा हा शब्द ‘अहोरात्र’ यांतील आद्य व अंत्य अक्षरें गाळून झाला, अशी व्युत्पत्ति वराहमिहिरानें नमूद केली आहे खरी. पण त्याच वराहमिहिरानें बृहत्संहितेंत यवनांचें या शास्त्रांतील ज्ञान मोकळ्या मनानें वाखाणलें आहे. उसनें घेतलेलें कबूल करण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. आजच्या पुस्तकांत मात्र जेव्हां सारें ज्योतिष वेदांतून जसेंच्या तसें उतरलें असें पहिल्याच पानावर लिहिलेलें आढळतें, तेव्हां वाचकानें इतकेंच ओळखावें कीं, पुढील पानांवरहि लेखक पुरावा पाहून लिहील अशी खात्री नाहीं.

आतां फलाच्या भागाकडे वळूं. येथें टीकाकाराचें खरें काम भाषेशीं आहे. राशींचीं स्वभाववर्णनें पाहावीं. उदार पण मानी, प्रेमळ पण हट्टी, बाहेरून कठोर पण आंतून कोमल! अशीं जोडविशेषणें ज्याच्यावर बसणार नाहींत असा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानें आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकास ‘तुझें स्वभाववर्णन’ म्हणून एक कागद दिला. सर्व कागदांवर मजकूर एकच होता, आणि तो बाजारांत विकत मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलेला होता. तो आपणांस कितपत लागू पडतो याला विद्यार्थ्यांनीं पांचांपैकीं सरासरीनें चारांहून अधिक गुण दिले. हा प्रयोग ज्योतिषाचा नव्हता, वाचकाच्या मनाचा होता. पण प्रवेशिकेच्या गद्यावर याहून नेमकी टीका आमच्या पाहण्यांत नाहीं.

स्वभाववर्णनापर्यंत गोष्ट थांबली तर फारसें बिघडत नाहीं. परंतु याच पुस्तकांत पुढें मंगळाचें प्रकरण येतें. लग्न, चतुर्थ, सप्तम, अष्टम व व्यय या पांच स्थानांपैकीं कोठेंहि मंगळ असला कीं पत्रिका मंगळाची झाली, असा प्रचलित नियम आहे. पुस्तकांतून हा नियम ठळक अक्षरांत असतो. पण त्याचा साधा हिशेब दिलेला असतो काय, तें पाहावें. बारा स्थानांपैकीं पांच, म्हणजे मंगळ सर्व स्थानीं सारख्याच वेळां पडतो असें धरल्यास दर शंभर माणसांत सुमारें ४२ माणसें मंगळाचीं. वधू आणि वर यांपैकीं एकाचीच पत्रिका मंगळाची निघण्याचा संभव या मानानें शेंकडा ४८ हून अधिक येतो. दोन स्थळांमागें जवळ जवळ एक स्थळ या एका वाक्यानें अडतें! मग तीं मोडूं नयेत म्हणून अपवादांची लांबलचक यादी जोडावी लागते. आणि कोणता अपवाद लागू करावयाचा हें सांगणाऱ्याच्या मर्जीवर राहतें. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीविषयींचें वाक्य असेंच एका पुस्तकांतून दुसऱ्यांत फिरत असतें. तें कोणीं म्हटलें, कोणत्या ग्रंथांत म्हटलें, त्याला विरोध कोणीं केला, याचा मागमूस नसतो. ज्या मुलीचें स्थळ या वाक्यापायीं फिरतें, तिला तें पुस्तक कधीं वाचावयासहि मिळालेलें नसतें.

या बाबतींत एक परकीय उदाहरण देण्यासारखें आहे. विल्यम लिली यानें १६४७ सालीं लंडनमध्यें ज्योतिषाचें मोठें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. तें विद्वानांच्या लॅटिनांत नव्हे, तर लोकांच्या इंग्रजींत लिहिलें. लिली धंद्यानें ज्योतिषी होता, आणि त्याचा आपल्या विद्येवर पूर्ण विश्वास होता. तरी पुस्तकाच्या आरंभीं विद्यार्थ्यास लिहिलेल्या पत्रांत दुःखी माणसास कठोर भाकितानें भिववूं नये, असें त्यानें बजावलें आहे. आणि शेवटीं ज्या लेखकांच्या ग्रंथांवर आपण विसंबलों त्यांची यादीहि दिली आहे. आपल्याकडे वराहमिहिरानेंहि शास्त्र न शिकतां दैवज्ञपणा मिरविणाऱ्यास ‘नक्षत्रसूचक’ म्हणून धिक्कारलें आहे. दोघेहि विश्वास ठेवणारे. पण आपला शिष्य उद्यां दुसऱ्याच्या दारांत जाऊन बोलणार आहे, याचें भान दोघांनाहि होतें. आजच्या सुलभ प्रवेशिकांत हें भान शोधावें लागतें.

यावर असा आक्षेप येईल कीं, दोष पुस्तकांचा व अर्धवट शिकलेल्यांचा आहे, शास्त्राचा नाहीं. याचाहि निर्णय करून पाहण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रांतच झालेला आहे. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, त्यांवरून पत्रिका केल्या, आणि त्यांतील चाळीस चाळीस पत्रिका ज्योतिष्यांकडे पाठवून त्या कोणत्या वर्गांतील मुलाच्या, इतकेंच ओळखावयास सांगितलें. २७ ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांतील बरोबर उत्तरांचें प्रमाण सरासरीनें शेंकडा ४६ भरलें. नाणें उडवून उत्तरें लिहिलीं असतीं तर पन्नास अपेक्षित होतीं. हा निबंध २००९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पद्धतीवर ज्यांना आक्षेप असतील त्यांनीं ते अवश्य घ्यावे. पण प्रवेशिकेंत त्याचा उल्लेखच नसावा, हें कांहीं योग्य नव्हे. वैद्यकाच्या पुस्तकांत एखादें औषध गुणकारी ठरलें नाहीं ही गोष्ट गाळली तर आपण त्या लेखकास क्षमा करूं काय?

तर मग पहिलें पुस्तक कोणतें? आमचें उत्तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हें आहे. पुण्यास १८९६ सालीं निघालेल्या या ग्रंथांत गणित, संहिता व जातक या तिन्ही स्कंधांचा वृत्तान्त आहे. कोणता ग्रंथ कोणत्या काळचा, त्यांत काय आहे, पूर्वीच्यांपासून काय घेतलें आणि नवें काय घातलें, हें दीक्षित पुराव्यानिशीं सांगतात. आणि जेथें पुरावा संपतो तेथें तर्कास तर्क म्हणतात. या ग्रंथांत उणिवा नाहींत असें नाहीं. तो जाडजूड आहे, त्याची मांडणी शिकाऊ वाचकास दमविणारी आहे. स्फुजिध्वजाचें यवनजातक डेव्हिड पिंग्री यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां यवनांच्या ऋणाविषयींचें दीक्षितांचें विवेचन पुढील संशोधनाच्या जोडीनें वाचलें पाहिजे. हें पुस्तक वाचून कोणासहि भविष्य सांगतां येणार नाहीं, असाहि आक्षेप येईल. आमच्या मतें पहिल्या पुस्तकास हें भूषणच होय.

दीक्षितांच्या सोबतीस एक पंचांग घ्यावें, त्याचा अयनांशपक्ष कोणता तें पाहून ठेवावें, आणि वर्षभर रात्रीं गच्चीवर किंवा अंगणांत जाऊन चंद्र एका नक्षत्रांतून दुसऱ्यांत कसा सरकतो तें डोळ्यांनीं पाहावें. त्यानंतर लघुजातक विश्वसनीय भाषांतरासह वाचावें. कुंडली मांडण्याची कृति शिकण्यासाठीं अर्वाचीन पुस्तक हवें असेल तर वर सांगितलेल्या कसोट्या लावून घ्यावें. त्यांतील पुष्कळशीं पहिल्याच कसोटीला गळून पडतील, आणि निवड सोपी होईल.

हा क्रम लांबचा आहे, हें आम्ही जाणतों. ज्याला चार दिवसांत मित्रमंडळींच्या पत्रिका पाहावयाच्या आहेत त्याला तो रुचणार नाहीं. परंतु चार दिवसांच्या अभ्यासावर दुसऱ्याच्या लग्नाविषयीं, संततीविषयीं आणि आयुष्याविषयीं बोलण्याचा अधिकार कोणतेंहि पुस्तक कोणासहि देऊं शकत नाहीं. शिकणाऱ्यानें हें आपल्यापुरतें ठरवून टाकावें, आणि विकत घेण्यापूर्वीं पुस्तकाचीं पानें चाळून त्याच्या लेखकानेंहि तें ठरविलें आहे कीं नाहीं, हें पाहावें.